गच्चीखालची कोरडी जागा

मिस्त्रींना गळकं काही बघवत नसे. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले आणि नळ टपकताना दिसला, तर हातातला चहा ठेवून उठायचे. उभा जन्म होड्या बांधण्यात गेलेला माणूस. पाणी बाहेर आणि माणसं आत, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्यांचं झकास चाललं होतं.

काम सुटल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी घराच्या मागच्या बाजूला खांबांवर एक लाकडी गच्ची बांधली. घर उतारावर होतं. पुढून बघावं तर एक मजला, मागून बघावं तर दोन. वरच्या मजल्याचं दार गच्चीवर उघडायचं, खालच्या खोलीचं दार गच्चीखाली. तिथे खांबांच्या मधे एक खाट ठेवून चार माणसं बसतील एवढी फरसबंद जागा होती आणि तिच्या पुढ्यातूनच धक्क्याकडे जाणारी वाट होती. पण त्या जागेकडे कोणी कधी बघितलं नाही. फळ्याफळ्यांमधे बोटभर फटी, वरचं सगळं पाणी खाली. मोडक्या बादल्या आणि जुनी वल्ही, एवढाच तिथला संसार.

मग मामींच्या छातीनं दगा दिला.

मामी म्हणजे मिस्त्रींची बायको. सख्खा भाचा एकच, तोही कधी न फिरकणारा, पण मामी अख्ख्या आळीच्या. वरच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायच्या. कोणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घराच्या आधी मामींना कळायचं. न्हाणीघर खालच्या मजल्यावर, आणि आता चार पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली, तेव्हा त्यांची खाट खालच्या खोलीत आणली. त्या खोलीला एकच खिडकी आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची भिंत. बोलायला भिंत मिळाली म्हटल्यावर मामी निम्म्या झाल्या.

डॉक्टरांनी मिस्त्रींना आणि लेकीला बाहेर बोलावून सांगितलं, की छाती आता दुरुस्त व्हायची नाही. जपलंत तर काही महिने छान जातील. ओल लागू देऊ नका, भिजू देऊ नका, साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. बाकी त्यांना जे आवडेल ते करू द्या.

मामींना काय आवडेल हे विचारायची गरजच पडली नाही. त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, माझी खाट बाहेर टाका ना. गच्चीखाली. माणसं तरी दिसतील."

"अगं, गळतं तिथे. पाऊस काय सांगून येतो?"

खरंच होतं ते. तिथला पाऊस म्हणजे आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा हजर.

"मग न गळेल असं करा. एवढ्या होड्या तरंगवल्यात, एक बायको कोरडी ठेवता येत नाही होय?"

झालं! मिस्त्रींच्या वर्मावर बोट. दुसऱ्या दिवशी सकाळीच बादल्या आणि वल्ही बाहेर फेकली गेली.

आता मध्येच टपकला पत्रेवाला. आळीच्या तोंडाशी याचं दुकान. छपरं, पन्हळी, टाक्या, असली कामं. मिस्त्री त्याला तोंडावर 'डबड्या' म्हणत, आणि तो मिस्त्रींना 'जहाजसम्राट' म्हणे. दोघांचं एकमेकांवाचून पानही हलत नसे, पण कबूल करेल तर शपथ. गच्चीखाली उभा राहून, मान वर करून तो म्हणाला, "मिस्त्री, सोपं आहे. त्या फटींच्या नादाला लागू नका. खालून, तुळयांना पत्रे लावू. भिंतीकडून बाहेर उतार देऊ, कडेला पन्हळ, पन्हळीतून पाणी गटारात. वरून पाणी येऊ दे की! येईल आणि जाईल. पाण्याला फक्त वाट दाखवायची."

"पाण्याला वाट दाखवायची?" मिस्त्री भडकलेच. "अरे डबड्या, पाण्याला वाट दाखवली की होडी तळाला! पाणी वरच्या वर अडवायचं असतं. तू जा, तुझ्या टाक्या बघ."

"ही होडी नाही, गच्ची आहे."

"लाकूड लाकूडच असतं."

लेक दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, काका म्हणतात ते करून तर बघू. एका दिवसाचं काम आहे." पण पालथ्या घड्यावर पाणी. बायकोनं नवऱ्याला सांगितलेलं काम पत्रेवाल्यानं करायचं? मग इतकी वर्षं होड्या काय शोभेला बांधल्या?

मिस्त्रींनी होडीचं काम काढलं. एकेक फट खरवडून साफ केली, कापसाचे पीळ वळून पटाशीनं फटीत ठासले, वर तापवलेलं डांबर ओतलं. गुडघे टेकून, वाकून, दिवसच्या दिवस. खाली खाटेवर पडल्या पडल्या मामींना ठकठक ऐकू यायची. जेवायला हाका मारून लेकीचा घसा बसायचा. मिस्त्री खाली यायचे ते डांबर माखलेले. मामी म्हणायच्या, "लग्न झालं तेव्हा अस्से दिसायचात."

होडीवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. लाकूड पाण्यात असतं तोवर पाणी पिऊन फुगतं, फळी फळीला भिडते, मधला कापूस घट्ट दाबला जातो आणि थेंब शिरत नाही. तीच होडी वाळूवर ओढून उन्हात ठेवा, लाकूड आक्रसतं, फटी उघडतात. म्हणून वाळूवरच्या होडीवरही रोज पाणी मारतात. मिस्त्रींनी तेच केलं. पाऊस नसेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बादल्या भरून जिना चढायचे आणि गच्ची न्हाऊ घालायचे. नळाचं पाणी वर चढत नव्हतं, त्यामुळे बादलीला पर्याय नाही. आळीला फुकटचा तमाशा. खाली कोरडं राहावं म्हणून वर पाणी ओतणारा माणूस याआधी कोणी पाहिला नव्हता. पत्रेवाला तर मुद्दाम चहाच्या वेळेला यायचा आणि म्हणायचा, "घाला घाला, उद्या पालवी फुटेल."

पण पहिला जोराचा पाऊस झाला आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. वर धो धो पाणी, कडेवरून पागोळ्या, आणि खाली फरशी ठणठणीत कोरडी. मिस्त्रींनी फरशीवर हात फिरवला, तळवा लेकीला दाखवला, मग मामींना, मग रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसालासुद्धा. दुपारी मामींची खाट बाहेर आली.

काय सांगावं त्या दिवसांचं! मामींचा दरबार भरला. धक्क्यावरचे हमाल, शाळेतून येणाऱ्या पोरी, भाजीवाली, पोस्टमन, जो तो थांबायचा. मामींना बोलताना धाप लागायची, पण ऐकताना लागत नाही ना! त्या ऐकायच्या आणि मधूनच एखादा शब्द असा टाकायच्या की सांगणारा हसून बेजार. गालांवर रंग आला. लेक कामावर जाताना निर्धास्तपणे जाऊ लागली.

एक दिवस मिस्त्री बादली घेऊन जिन्याकडे निघाले, तशा मामी म्हणाल्या, "पुरे झालं ते. कंबर बघा कशी धरलीय. बसा ना इथे जरा."

"गच्ची सुकेल."

"सुकू दे. होड्यांना वर्षं दिलीत, मला चार दिवस द्या."

मिस्त्री बसले. बादली तशीच भरलेली राहिली. दुसऱ्या दिवशीही बसले. पावसानंही नेमकी आठवडाभर दडी मारली होती, ऊन लख्ख पडलं होतं आणि वारा समुद्रावरून येत होता. मामींनी त्यांना कितीतरी गोष्टी सांगितल्या, ज्या इतक्या वर्षांत सांगायला सवड झाली नव्हती. लग्नाआधी एक शिंपी त्यांना मागणी घालायला आला होता, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं. "त्याला का नाही केलंस?" मिस्त्रींनी विचारलं. "त्याच्या हाताला वास नव्हता लाकडाचा," मामी म्हणाल्या, आणि म्हातारपणी मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. हे दिवस बादल्या वाहण्यात घालवायचे, हे त्यांच्या मनालाच पटेना. थोडं सुकल्यानं काय होतंय, असं ते स्वतःला सांगत राहिले. जाणता माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला अडवणार कोण?

मग एका दुपारी आभाळ भरून आलं. लेक कामावर होती. मामी बाहेर खाटेवर होत्या, डोळा लागला होता. मिस्त्री चहा करायला वर गेले होते, आणि नेमका तेव्हाच पत्रेवाला पुढच्या दारानं आला. चहा दोघांचा झाला. पाऊस कोसळायला लागला तसे दोघं पेले घेऊन गच्चीच्या दारात, वरच्या छपराच्या आडोशाला उभे राहिले.

"बघ डबड्या," मिस्त्री म्हणाले. अंगात वारं शिरलं होतं त्यांच्या. "बघ आणि शीक. तुझे पत्रे लावले असते तर खाली ढोल वाजला असता. इथे बघ, वर समुद्र आणि खाली एक थेंब नाही. एक थेंब!"

"मानलं बुवा."

"मानलंस ना? मग चारचौघांत म्हण."

"खाली जाऊन बघू या तरी."

"मामी झोपलीय. उठवू नकोस. हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि मिस्त्रींनी होड्यांच्या गोष्टी काढल्या. कुठल्या वादळात कुठली होडी कोरडी परत आली, कोणी कसा हात जोडला. पत्रेवाला हूं हूं करत होता, पण त्याची नजर गच्चीच्या कडेवर होती. त्याचा जन्म पन्हळी बघण्यात गेलेला.

"मिस्त्री," तो मधेच म्हणाला, "पाणी एवढं पडतंय, आणि कडेवरून बघा एवढुसंच जातंय. बाकीचं कुठे जातंय?"

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. पेला हातातून सुटला. ते जिना कसे उतरले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

खाली प्रत्येक फटीतून धार लागली होती. खाटेवरची गोधडी भिजून जड झाली होती आणि गोधडीखाली मामी. उठून बसायची ताकद नव्हती, गोधडी बाजूला सारायचीही नव्हती. केस कपाळाला चिकटले होते, ओठ निळसर. त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं आणि त्या हसल्या. हसल्या हो! मिस्त्रींनी त्यांना तसंच उचललं. पत्रेवाल्यानं कोरडे टॉवेल शोधले, पाणी तापत ठेवलं, डॉक्टरांकडे धावला.

संध्याकाळी ताप चढला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि नळी काढताना लेकीकडे बघितलं नाही. औषधं दिली, इंजेक्शनं दिली. रुग्णालयात न्यायचं का विचारलं तर मामींनीच मान हलवली, नको.

सकाळी मिस्त्री आळीच्या तोंडाशी गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. इतक्या वर्षांत ते त्या दुकानाची पायरी चढले नव्हते, आज चढले.

"पत्रे लाव," ते म्हणाले.

पत्रेवाला टोमणा मारायला एका पायावर तयार असणारा माणूस. पण त्यानं फक्त मान डोलावली आणि शिडी खांद्यावर घेतली. दिवसभरात तुळयांना आडव्या पट्ट्या ठोकल्या, भिंतीकडच्या जाड, बाहेरच्या पातळ, म्हणजे उतार आपोआप. त्यावर पत्रे, एकाची कड दुसऱ्यावर. बाहेरच्या अंगाला पन्हळ. मिस्त्री खालून पत्रे देत होते. जिथे मोठ्यानं ठोकायचं तिथे पत्रेवाला हातोड्याला फडकं गुंडाळत होता, मामींना त्रास नको म्हणून. काम संपलं तेव्हा वर चढून त्यानं बादलीभर पाणी ओतलं. पाणी फटींतून आलं, पत्र्यावरून सरसर गेलं आणि पन्हळीतून गटारात पडलं. इतकं साधं होतं ते.

पुढे दोन दिवसांनी पाऊस आला. मामींना बाहेर नेण्यासारखी अवस्था राहिलीच नव्हती. मिस्त्रींनी खोलीचं दार सताड उघडलं आणि खाट फिरवून तोंड दाराकडे केलं. पत्र्यावर पावसाचा दणदणाट होत होता. त्याखाली फरशी कोरडी होती, आणि त्यापलीकडे छत्र्या घेतलेली माणसं जाताना दिसत होती. मामी बघत राहिल्या.

"छान केलंय त्यानं," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला थांबावं लागत होतं. "तुम्ही त्याला टाकून बोलला नाहीत ना?"

"नाही गं."

मिस्त्रींच्या मनात त्या दिवसापासून एकच प्रश्न होता आणि तो विचारायची त्यांना भीती वाटत होती. शेवटी विचारलाच.

"तू जागी होतीस का तेव्हा?"

"पहिल्याच थेंबाला जाग आली. नाकावर पडला."

"मग हाक का नाही मारलीस? मी वरच होतो. खालून हाक मारली तर फटीतून ऐकू येतं, इतकी वर्षं आपण एकमेकांना तसंच बोलावतो."

मामींनी डोळे मिटले. मिस्त्रींना वाटलं, झोप लागली. पण त्या बोलल्या.

"मलाही येत होतं ना ऐकू. तुम्ही सांगत होतात त्याला, एक थेंब नाही म्हणून." थोडं हसू आलं, मग खोकला आला, तो थांबेपर्यंत मिस्त्रींनी त्यांना धरून ठेवलं. "किती खुशीत होतात हो. त्याच्यासमोर कुठे हाक मारू? जन्मभर चिडवलं असतं मेल्यानं तुम्हाला. म्हटलं, चहा पिऊन जाईलच. गेला की मारू."

"अगं, चिडवलं असतं तर चिडवलं असतं!" मिस्त्री ओरडले, आणि मग त्यांना रडू आवरेना. त्यांनी खाटेच्या काठावर डोकं टेकलं. "माझी काय किंमत होती गं एवढी? काय किंमत होती?"

मामींनी त्यांच्या केसांत हात घातला. हात तापलेला होता. "डांबर आहे अजून," त्या पुटपुटल्या. "निघत नाही वाटतं लवकर."

त्या आठवड्यात मामी गेल्या. सकाळची वेळ होती, दार उघडं होतं, लेक उशाशी आणि मिस्त्री पायाशी बसले होते. भाजीवालीनं वाटेवरून हाक मारली, "मामी, बरं आहे का?" उत्तर आलं नाही तेव्हा ती टोपली खाली ठेवून आत आली, आणि तिनंच पहिला टाहो फोडला.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मामी कोणाकोणाच्या होत्या हे तेव्हा कळलं. पाऊस थांबायचं नाव घेईना आणि खोलीत माणसं मावेनात, म्हणून लेकीनं शेजारपाजारची बाकडी आणून गच्चीखाली मांडली. हमाल बसले, पोस्टमन बसला, शाळेतल्या पोरी खांबांना टेकून उभ्या राहिल्या. वर पाऊस कोसळत होता आणि पाहुण्यांच्या चपला कोरड्या राहिल्या होत्या. पत्रेवाला चहाचे पेले वाटत होता.

एका म्हाताऱ्या हमालानं मान वर करून बघितलं. काहीतरी चांगलं बोलावं, दुःखात तेवढाच आधार, असं त्याला वाटलं असणार. "मिस्त्री, हात आहे हो तुमचा," तो म्हणाला. "एवढ्या पावसात एक थेंब नाही. मामींना शेवटी शेवटी किती सुख दिलंत."

चार जणांनी माना डोलावल्या. मिस्त्रींनी पत्रेवाल्याकडे बघितलं. पत्रेवाला हातातल्या किटलीकडे बघत होता.

"हो तर," तो म्हणाला. "मिस्त्रींचंच काम आहे. दुसऱ्या कोणाला जमणार?"

मिस्त्री उठून उभे राहिले. खांबाचा आधार घेतला.

"नाही," ते म्हणाले. पत्र्यांचा आवाज होता, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. "हे त्यानं केलंय. मी केलं होतं ते गळलं. ती इथे भिजत पडली होती आणि मी तिच्या डोक्यावर उभा राहून बढाया मारत होतो. तिनं हाक मारली नाही. माझी फजिती होऊ नये म्हणून मारली नाही. त्या भिजण्यानंच ती गेली."

लेकीनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

मिस्त्री पत्रेवाल्याकडे वळले. "आता चिडव," ते म्हणाले. "अरे, चिडव की! एवढ्याचसाठी गप्प राहिली ती. चिडव मला."

पत्रेवाल्यानं किटली फरशीवर ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.